चांदवडचा रुपया आणि भाच्याची कार्डे

दिवाळीच्या सुट्टीत मालेगावहून आपाचा फोन आला. "भाच्याला तूच बिघडवलंस, आता तूच समजाव." झाले होते असे की, बारा वर्षांच्या भाच्याने जपून ठेवलेली सगळी ईदी क्रिकेटपटूंच्या कार्डांच्या पाकिटांवर खर्च केली होती. ही गोष्ट दुल्हाभाईंच्या कानावर गेली आणि त्यांनी जाहीर केले की, कार्डांचा अल्बम सोमवारी रद्दीवाल्याला द्यायचा.

आपाचा राग माझ्यावर असणे स्वाभाविक होते. मी तीस वर्षांपासून खेळांवरची टपाल तिकिटे जमवतो आणि भाच्याला पहिला अल्बम मीच दिला होता. मी दुल्हाभाईंना एवढीच विनंती केली, "सोमवारच्या आधी एक दिवस नाशिकला या. मुलालाही आणा. मग काय तो निर्णय घ्या."

शनिवारी संध्याकाळी बापलेक दूध बाजारातल्या आमच्या घरी आले. दस्तरखानावरच विषय निघाला. दुल्हाभाईंनी सरळ विचारले, "तुझ्या त्या तिकिटांचे विकून किती येतील?"

छंद असलेल्या प्रत्येक माणसाला हा प्रश्न विचारला जातो. पूर्वी मी लगेच एखादी मोठी किंमत सांगून समोरच्याला गप्प करायचो. भाच्यानेही तेच केले. तो म्हणाला, "अब्बा, अमेरिकेत होनस वॅगनर नावाच्या बेसबॉल खेळाडूचं एक कार्ड 2022 मध्ये 72 लाख 50 हजार डॉलरला विकलं गेलं!"

बातमी खरी आहे. 1909 च्या सुमारास सिगारेटच्या पाकिटातून निघणाऱ्या त्या कार्डाची छपाई लवकरच थांबली. आज त्याच्या जेमतेम साठेक प्रती उरल्या आहेत, म्हणून ही किंमत. पण त्या काळात छापलेल्या बाकी असंख्य कार्डांचे काय? त्यांना कोणी लाखो डॉलर देत नाही. मी भाच्याला म्हणालो, "बेटा, हे उत्तर आपल्या कामाचं नाही. माझी बहुतेक तिकिटं आजही पाच-दहा रुपयांत मिळतात."

दुल्हाभाई हसले, पण त्यांचा खरा आक्षेप वेगळाच होता. "बंद पाकीट विकत घ्यायचं. आत काय आहे ते माहीत नाही. हवा तो खेळाडू निघाला नाही की दुसरं पाकीट, मग तिसरं. हा जुगार नाही तर काय आहे?"

माझ्याकडे याचे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर त्यांचे म्हणणे मला पटले होते. भाचा मान खाली घालून भात चिवडत बसला.

रविवारी सकाळी रिक्षाने नाशिकरोडला गेलो. स्टेशनपासून जवळच इंडिया सिक्युरिटी प्रेसची लांबलचक भिंत आहे. आत जायला परवानगी नसते, म्हणून आम्ही बाहेरच उभे राहिलो. नाशिककर हिला नुसते 'प्रेस' म्हणतात. पूर्वी हिंदुस्थानची टपाल तिकिटे लंडनहून छापून येत. 1925 मध्ये ही प्रेस सुरू झाली आणि पुढच्याच वर्षापासून तिकिटे नाशिकला छापली जाऊ लागली. 1928 मध्ये शेजारी नोटांचा छापखाना आला. त्यानंतर देशातल्या घराघरांत जी पत्रे गेली, त्यांतल्या बहुतेकांवरचे तिकीट याच भिंतीआडून निघालेले होते.

मी खिशातून एक छोटे पाकीट काढले आणि चिमट्याने तिकीट दुल्हाभाईंच्या समोर धरले. डिसेंबर 1971 चे, वीस पैशांचे. त्या वर्षी अजित वाडेकरांच्या संघाने आधी वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली. त्या विजयांसाठी टपाल खात्याने हे तिकीट काढले होते.

"पोर्ट ऑफ स्पेनला सलीम दुराणींनी सोबर्स आणि लॉइड दोघांना बाद केलं," मी भाच्याला सांगू लागलो. "आणि ओव्हलवर विजयाचा फटका मारला तो..."

"आबिद अलीनं," दुल्हाभाई मध्येच म्हणाले.

आम्ही दोघे त्यांच्याकडे पाहू लागलो. क्रिकेटच्या नावाने कपाळाला आठ्या घालणारा माणूस! ते म्हणाले, "माझा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण अब्बा सांगायचे. कारखान्यातले सगळे माग बंद करून कारागीर रेडिओभोवती बसले होते. आबिद अलीचा चौकार गेला आणि मालकानं स्वतः सगळ्यांना चहा पाजला. अब्बा ही गोष्ट दर रमजानमध्ये एकदा तरी सांगायचे." त्यांनी तिकीट परत दिले नाही. बराच वेळ ते तळहातावर धरून उभे राहिले.

दुपारी त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीला गेलो. नाशिकपासून सुमारे वीस किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. 1980 मध्ये ती स्थापन झाली. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त हे तिचे पहिले संचालक. तिथल्या संग्रहालयात नाण्यांचा इतिहास क्रमाने मांडलेला आहे. ठसे उमटवलेल्या प्राचीन चांदीच्या तुकड्यांपासून आजच्या नाण्यांपर्यंत सगळे पाहायला मिळते.

तिथे मी दोघांना जोगलटेंभीची हकिकत सांगितली. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी 1906 मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी होती 13 हजारांहून अधिक, सगळी नहपान राजाची. पण त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पराभव कोणी केला, याचा हा धातूवरचा पुरावा. "सापडल्याबरोबर ती वितळवली असती तर फक्त चांदी उरली असती," मी म्हणालो.

बाहेर झाडाखाली बसल्यावर मी माझ्या संग्रहातला एकमेव जुना रुपया काढला. "हा तुमच्या रस्त्यावरचा आहे. चांदोरी रुपया. होळकरांच्या काळात चांदवडच्या टांकसाळीत पडलेला. माझं शिक्षण मराठीत झालं, त्यामुळे यावरचा मजकूर मला नीट वाचता येत नाही. तुम्ही पाहा."

दुल्हाभाईंनी चष्मा वर सरकवला. नाणे फिरवून फिरवून पाहिले. ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्यामुळे अर्धी अक्षरे बाहेर गेली होती. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "हा 'शाह'. आणि हा... 'आलम'. शाह आलम! पण राज्य होळकरांचं आणि नाव दिल्लीच्या बादशहाचं?"

"बाजारात लोकांचा त्या नावावर विश्वास होता. त्या काळी बहुतेक मराठी टांकसाळी असंच करत. यावर चांदवडचं नावही जाफराबाद असं घालत."

"चाळीस वर्षं चांदवडवरून येतोय-जातोय," ते म्हणाले, "आणि हे आज कळतंय." मग त्यांनी मुलाला जवळ बसवून एकेक अक्षर बोटाने दाखवायला सुरुवात केली. मी बाजूला सरकलो. आता माझी गरज नव्हती.

थोड्या वेळाने त्यांनी भाच्याचा अल्बम मागितला. पाने उलटत विचारले, "हा कोण? यानं काय केलं?" तीन-चार खेळाडूंबद्दल भाच्याने भरभरून सांगितले. पुढच्या दहा-बारा कार्डांबद्दल त्याला फक्त नाव ठाऊक होते. तो स्वतःच ओशाळला.

परतताना रिक्षात निकाल लागला. बंद पाकीट यापुढे एकही घ्यायचे नाही. हवे ते कार्ड मित्रांशी अदलाबदल करून मिळवायचे किंवा उघडे पाहून घ्यायचे, महिन्याला पन्नास रुपयांच्या आत. आणि प्रत्येक कार्डासाठी वहीत चार ओळी लिहायच्या: हा कोण, कुठला, याने काय केले. ज्या कार्डाबद्दल चार ओळी लिहिता येणार नाहीत, ते दुसऱ्याला देऊन टाकायचे. सोमवारचा रद्दीवाला रद्द झाला.

वाचकहो, तुमच्याही घरात कोणी तिकिटे, नाणी, कार्डे, काडेपेटीची चित्रे जमवत असेल. त्याला किंमत विचारू नका, 'यातलं तुला सर्वांत आवडतं कोणतं आणि का?' असे विचारा. आणि तुम्ही स्वतःच जमवत असाल, तर पाहुण्यापुढे सगळा अल्बम उलगडू नका. एकच वस्तू द्या, त्याच्या गावाची, त्याच्या वडिलांच्या काळाची. पुढचे तोच बोलेल. आणि त्याचा आक्षेप खरा असेल तर तो मान्य करा. माझ्या दुल्हाभाईंचा होता.

रात्री नऊच्या सुमारास भाच्याचा फोन आला. "मामू, अब्बांनी चांदवडला गाडी थांबवली. अंधारात किल्ला नीट दिसला नाही, पण परत दिवसा यायचं म्हणाले." मग फोन दुल्हाभाईंनी घेतला. थोडे अडखळत म्हणाले, "ते वीस पैशांचं तिकीट माझ्याच खिशात राहिलं बघ. चारआठ दिवस राहू दे. अम्मींना दाखवायचंय."

त्याला आता चार महिने झाले. मी अजून मागितलेले नाही.