सुरतेला परतलेली

सुरतेजवळच्या इच्छापोरला उतरलेल्या माणसाला आधी दिसतात ते हजिऱ्याकडे धावणारे ट्रक. जवळच हिऱ्या-दागिन्यांच्या उद्योगासाठी आखलेली औद्योगिक वसाहत आहे. तापी ओलांडली की जुने सुरत, आणि पुढे लिंबायत-उधन्याच्या गल्ल्यांत कानावर खानदेशी मराठी पडते. महापालिकेच्या मराठी शाळाही या शहरात आहेत. इथल्या घरातली एखादी मुलगी नर्सिंगला गेली की जर्मनीचा, इंग्लंडचा विषय निघतोच. फेब्रुवारी 2024 मध्ये शेजारच्या महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जाण्याची वाट अशी रुंद होते आहे. परत येण्याविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही.

या शहराने मात्र एक परतणे फार जवळून पाहिले आहे.

1895 मध्ये रखमाबाई सुरतेला आल्या. त्या परिचारिका नव्हत्या, डॉक्टर होत्या. पण परदेशी शिकून आपल्या माणसांत काम करण्याचा प्रश्न त्यांच्याइतका दीर्घकाळ फार थोड्यांनी निभावला. अकराव्या वर्षी लग्न, मग नांदायला जाण्यास नकार, 1884 पासून मुंबईच्या न्यायालयात खटला. 1887 मध्ये निकाल लागला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि 1889 मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात आणि रॉयल फ्री हॉस्पिटलात शिकून त्या 1894 मध्ये पात्र झाल्या.

त्यांच्याआधी आनंदीबाई जोशी 1886 मध्ये फिलाडेल्फियाहून वैद्यकीय पदवी घेऊन परतल्या, कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली. पण रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी 1887 मध्ये, त्या गेल्या. रखमाबाईंना मात्र सुरत आणि नंतर राजकोट मिळून सुमारे 35 वर्षे मिळाली. त्या वर्षांचे मोल पदवीहून मोठे वाटते.

आज परदेशातून परतलेल्या परिचारिकेपुढे आधी कागद येतात. परदेशी पदवीला इथे मान्यता मिळवा, मग राज्याच्या नर्सिंग कौन्सिलात नोंदणी करा, तेव्हा कुठे वॉर्डात पाऊल. भारतीय परिचर्या परिषदेचा 1947 चा कायदा बदलण्यासाठी 2023 मध्ये नवा आयोगाचा कायदा आला, तरी मुलीला खेटे घालावेच लागतात. पण खरी अडचण वॉर्डात सुरू होते. ब्रिटनच्या रुग्णालयांत रुग्णाचा श्वास, नाडी, रक्तदाब, ताप, प्राणवायू, शुद्ध यांना गुण देऊन बेरीज करतात. बेरीज वाढली की सिस्टर स्वतः डॉक्टरांना बोलावते आणि तसा तिला हक्क असतो. जर्मनीत रुग्णाला आंघोळ घालणे, भरवणे हे परिचारिकेच्या कामातच येते. आपल्याकडे ते नातेवाईक आणि आयामावशींवर सोपवले जाते. एका वॉर्डात चाळीस खाटा आणि दोन सिस्टर असल्या तर दुसरे काय होणार? अशा ठिकाणी परतलेली मुलगी ‘तिकडे असे करतात’ म्हणाली की सहकारी गप्प होतात. ते गप्प होणे तिला आधी टोचते. नंतर कळते की त्या थकलेल्या आहेत. खाटांमागे माणसे वाढवल्याशिवाय तिचे शिक्षण कुणाच्या उपयोगी पडणार नाही, आणि ही जबाबदारी तिची नाही, रुग्णालय चालवणाऱ्यांची आहे. हे ठामपणे म्हटलेच पाहिजे.

तरी एक काम तिचेच उरते: रुग्णाचा विश्वास. रखमाबाईंच्या दवाखान्यात सुरुवातीला बायका बाळंतपणासाठी येईनात. त्यांची भाषा गुजराती, डॉक्टरीणबाई मुंबईच्या, त्यात विलायतेहून शिकलेल्या. बायकांना घर आणि सुईण ठाऊक, दवाखान्याचे नाव निघाले तरी धास्ती. तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण बकरी दवाखान्यात आणवली आणि तिचे बाळंतपण तिथेच केले, अशी आठवण सांगितली जाते. बकरी सुखरूप सुटली. आणि मग ज्या बायका उंबऱ्याशी थांबत, त्या आत यायला लागल्या.