मामीची ए. बी. सी. डी.

मी बी. कॉम. झालो याचा मला स्वतःला आजवर फारसा उपयोग झालेला नाही. नातेवाइकांना मात्र सतत होत आला आहे. कुणाचं घराचं कर्ज, कुणाची मुदत ठेव, कुणाच्या सासऱ्यांचं पेन्शन, सगळे कागद फिरत फिरत शेवटी माझ्याच पुढ्यात येऊन पडतात. "तू बँकेत आहेस ना, तुला कळेल," हे वाक्य त्या कागदांना टाचणीनं टोचूनच आलेलं असतं. बँकेत मी गेली बावीस वर्षं कारकून आहे. कारकुनाला काय काय कळत नाही हे फक्त कारकुनालाच ठाऊक असतं, आणि ते तो कुणाला कळू देत नाही.

तेव्हा २०२५ च्या श्रावणात अमेरिकेहून मामाचा फोन आला, "बाळू, यंदा दिवाळीला इकडे ये, तिकीट मी काढतो," त्याच वेळी मला संशय यायला हवा होता. मामा मूळचा सदाशिव पेठेतला. १९८१ साली तो पेठ सोडून गेला, पण पेठेनं त्याला सोडलेलं नाही. असा माणूस आपण होऊन दुसऱ्याचं तिकीट काढतो म्हणजे काहीतरी मोठं काम असणार. पण माझी रजा साठलेली होती, मामेबहिणीच्या लग्नाच्या वेळी काढलेला व्हिसा शिल्लक होता, आणि फुकटच्या तिकिटाला नाही म्हणायचं आमच्या घराण्याच्या रक्तात नाही.

वसुबारसेला मी न्यू जर्सीत एडिसनला पोचलो. ओक ट्री रोडवरून जाताना साड्यांची, सोन्याची, मिठाईची दुकानं बघून आपण लक्ष्मी रोडवरच आहोत असं वाटलं. फरक एवढाच, की तिथं दुकानं दुपारी बंद नव्हती. घरी मामीनं चहा ठेवला. मामानं माझ्यापुढे एक खोका ठेवला. मला वाटलं, फराळाचा असेल. उघडला तर कागद.

"मेडिकेअर," मामा म्हणाला. "सात डिसेंबरच्या आत ठरवायचंय. तू बँकेत आहेस ना..."

पुढचं मला पाठ होतं.

आता मेडिकेअर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. मला ते समजायला पाडवा उजाडला. अमेरिकेत माणूस पासष्ट वर्षांचा झाला की सरकार त्याच्या औषधपाण्याचा विमा उतरवतं. हा कायदा ३० जुलै १९६५ ला झाला. अध्यक्ष जॉन्सन सही करायला मुद्दाम मिसुरीत ट्रूमन यांच्या गावी गेले आणि पहिलं कार्ड एक्याऐंशी वर्षांच्या ट्रूमन यांनाच दिलं. त्या वेळी प्रकरण सोपं होतं. ए म्हणजे हॉस्पिटलातली खाट आणि बी म्हणजे डॉक्टर, संपलं. ए ला बहुतेकांना हप्ता पडत नाही, मात्र आयुष्यात चाळीस तिमाह्या नोकरी केलेली असावी लागते. (तिमाही हा शब्द ऐकून मला परदेशात प्रथमच घरच्यासारखं वाटलं.) बी ला हप्ता आहे, २०२५ साली तो दरमहा १८५ डॉलर होता, २०२६ साठी २०२ डॉलर ९० सेंट झाला. पुढे १९९७ च्या कायद्यानं सी आला आणि २००६ पासून गोळ्याऔषधांचा डी. एवढ्यावर मुळाक्षरं थांबली असती तर ठीक होतं. पण ए आणि बी भागवून जे बिल उरतं त्यासाठी आणखी एक पुरवणी विमा असतो, त्याला मेडिगॅप म्हणतात, आणि त्याच्या प्रकारांना पुन्हा ए, बी, डी, जी, के, एल, एम, एन अशीच नावं आहेत. हे ज्यानं ठरवलं तो आमच्या मुख्य कचेरीत सहज खपला असता.

सगळी मेख सी मध्ये आहे. सी म्हणजे ए, बी आणि बहुधा डीसुद्धा एकत्र बांधून ते गाठोडं खासगी कंपनीच्या हवाली करणं. याला ॲडव्हान्टेज म्हणतात. कुणाचा, ते लिहिलेलं नसतं. मामानं २०२० साली पासष्टी गाठताच हाच घेतला, कारण जाहिरातीत दोन शब्द होते: "हप्ता शून्य." वर दात साफ करून मिळणार, व्यायामशाळा मिळणार आणि चष्मा मिळणार. बी चा हप्ता भरून झाल्यावर हे शून्य सुरू होतं, ही गोष्ट मामाला नंतर कळली. चष्मा मात्र खरोखरच मिळाला. त्यातून योजनेच्या कागदावरचं बारीक अक्षर तेवढं दिसत नाही.

मला हा फरक बँकेच्या भाषेत मांडल्यावरच समजला. साधं मूळ मेडिकेअर म्हणजे आजची बँक. देशातल्या कुठल्याही शाखेत जा, पैसे निघतात. जो डॉक्टर मेडिकेअर घेतो, आणि बहुतेक सगळे घेतात, तो तुम्हाला चालतो. ॲडव्हान्टेजमधली एच. एम. ओ. म्हणजे आपली जुनी पासबुकाची बँक. खातं ज्या शाखेत तिथंच जायचं, खिडकीसुद्धा तीच, आणि मोठ्या डॉक्टरकडे जायला आधी साहेबांची सही. पी. पी. ओ. म्हणजे परगावचा चेक. वटतो, पण कमिशन कापून. आणि मोठ्या तपासण्यांना आधी मंजुरी लागते ती थेट हेड ऑफिसची. हेड ऑफिसची मंजुरी कशी येते हे मला कुणी सांगायला नको.

अर्थात मूळ मेडिकेअरही काही कामधेनू नाही. ते बी मधलं ऐंशी टक्के भरतं आणि वीस टक्के आपल्या गळ्यात ठेवतं. त्या वीस टक्क्यांना वरची मर्यादाच नाही. ॲडव्हान्टेजला असते, २०२५ साली नेटवर्कमधल्या उपचारांसाठी ती जास्तीत जास्त ९,३५० डॉलर होती. म्हणून अमेरिकेतले निम्म्याहून जास्त म्हातारे आज सी मध्ये आहेत, आणि ते काही सगळे सदाशिव पेठेतले नव्हेत.

मामाचं दुखणं असं होतं, की २०२२ साली त्याच्या हृदयात स्टेंट बसला होता. तो बसवणाऱ्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलाकडून सप्टेंबरात पत्र आलं: १ जानेवारीपासून तुमच्या योजनेशी आमचा करार नाही. म्हणजे डॉक्टर तिथंच, हॉस्पिटल तिथंच, मामाही तिथंच, मधला पूल तेवढा काढून घेतलेला.

"त्यात काय?" मी म्हटलं, "योजनेच्या यादीत दुसरे हृदयाचे डॉक्टर असतील की!"

होते. यादीत पानभर होते. धनत्रयोदशीच्या दिवशी मी एकेकाला फोन लावायला बसलो. पहिले निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. दुसरे राज्य सोडून गेले होते. तिसऱ्यांच्या बाई म्हणाल्या, "आम्ही मेडिकेअर घेतो." मी आनंदानं मामाकडे बघितलं. मग योजनेचं पूर्ण नाव सांगितल्यावर म्हणाल्या, "अच्छा, ही होय? ही नाही घेत." चौथे नवे पेशंट घेत नव्हते. पाचव्या नंबरावर एका बाईंनी फार आपुलकीनं चौकशी केली. ते घर निघालं. मला वाटलं, ही आमच्याच मामाच्या नशिबातली यादी. पण सरकारनं २०१६ ते २०१८ मध्ये या याद्यांची तपासणी केली होती, तेव्हा यादीतल्या डॉक्टरांच्या पत्त्यांपैकी जवळजवळ निम्म्या ठिकाणी काही ना काही चूक सापडली होती. आमच्या शाखेतल्या 'वारसाचा पत्ता' या रकान्याची मला आता पूर्वीइतकी लाज वाटत नाही.

मामीचं प्रकरण निराळं होतं. ती जानेवारीत पासष्टची होणार होती, आणि लायब्ररीतली नोकरी डिसेंबरअखेर संपत असल्यामुळे तिथला विमाही संपणार होता. तिच्यासाठीही शून्यवालीच योजना घ्यायची, असं मामानं आधीच ठरवून टाकलेलं.

"बी चा हप्ता, वर मेडिगॅपचा हप्ता, वर डी चा हप्ता! तीन तीन हप्ते कशाला भरायचे? मी काय मूर्ख म्हणून शून्य घेतलं?"

या प्रश्नाला भाच्यानं उत्तर द्यायचं नसतं. मामी चकल्या तळत होती. झाऱ्या न थांबवता ती म्हणाली, "माझी डॉक्टरीण कशात आहे ते आधी बघ रे, बाळू."

या डॉक्टरीणबाई बडोद्याच्या. मामी अठरा वर्षं त्यांच्याकडे जाते. मराठी माणसाचे आजार इंग्रजीत होत नाहीत, हे तुम्हाला कधी जाणवलंय का? उसण भरते, चमक निघते, अंगात कसकस असते, पोटात कालवतं. दुसरा डॉक्टर विचारतो, एक ते दहापैकी दुखणं किती? मामी सांगते, "तसं मेलं सारखंच असतं." तो बिचारा कुठला आकडा लिहिणार? आणि या सगळ्यांच्या वरचा मराठी आजार म्हणजे 'कसंतरीच होतंय'. २०२३ साली मामी डॉक्टरीणबाईंना एवढंच म्हणाली, "मला आज कसंतरीच होतंय." बाईंनी नाडी बघितली आणि स्वतः गाडीत घालून दहा मिनिटांवरच्या हॉस्पिटलात नेलं. हृदयाचे ठोके भलत्याच लयीत पडत होते. कुणी पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं असतं, तर मी ही दिवाळी खायला एडिसनला गेलो नसतो. तेव्हापासून मामी रक्त पातळ करायची गोळी घेते.

हे मला फक्त ऐकून माहीत होतं. मामानं ते त्या दिवशी पहिल्यांदाच नीट सांगितलं, आणि सांगताना तीन वेळा चष्मा पुसला.

बाईंच्या दवाखान्यात फोन केला. या वेळी मी शहाणा झालो होतो. "मेडिकेअर घेता का?" असं न विचारता योजनेचं पूर्ण नाव, तिचा नंबर, "१ जानेवारीनंतरही का?" आणि "बाई ज्या हॉस्पिटलात पाठवतात तेही त्यात आहे का?" असं ओळीनं विचारलं. उत्तर आलं: मूळ मेडिकेअर घेतो. मामानं काढलेली शून्यवाली घेत नाही. दुसऱ्या दोन घेतो, पण त्यातल्या एकीत ते हॉस्पिटल नाही. पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही.

तरी मामाचं समाधान होईना. तेव्हा आम्ही सरकारच्या मोफत सल्ला केंद्राची वेळ घेतली. असं केंद्र प्रत्येक राज्यात असतं, तिथं काही विकत नाहीत. मार्चअखेरीला टार्गेटसाठी मी स्वतः गिऱ्हाइकांच्या गळ्यात विमा मारलेला असल्यामुळे, काहीही न विकणारा सल्लागार बघून मला जरा अपराध्यासारखंच झालं. पांढऱ्या केसांचे एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी हप्त्याचं नावच काढलं नाही. एक कोरा कागद घेतला आणि म्हणाले, "डॉक्टरांची नावं सांगा. मग हॉस्पिटल. मग गोळ्या." गोळ्यासुद्धा प्रत्येक डी योजनेच्या वेगळ्या यादीत, वेगळ्या पायरीवर असतात, मामीची गोळी एका योजनेत महाग, शेजारच्या योजनेत स्वस्त. २०२५ पासून डी मधल्या औषधांवर खिशातून जाणाऱ्या पैशाला वर्षाला २,००० डॉलरची मर्यादा आली, २०२६ साठी ती २,१०० झाली, हे त्यातल्या त्यात बरं.

मग त्यांनी मेडिगॅपचं सांगितलं. पासष्टीनंतर बी सुरू झाला की सहा महिने कंपनीला तुमची तब्येत विचारता येत नाही. मामीला तिच्या गोळीसकट, भलत्या लयीसकट घ्यावंच लागेल. ते सहा महिने गेले, की न्यू जर्सीसारख्या बहुतेक राज्यांत कंपनी विचारू शकते, आणि नाही म्हणू शकते.

"आणि मला?" मामानं विचारलं.

गृहस्थांनी स्टेंटचं साल विचारलं. मग सौम्यपणे म्हणाले, "प्रयत्न करून बघा."

मामा काही बोलला नाही. परत येताना गाडीतही बोलला नाही, आणि मामा गाडीत गप्प म्हणजे समोरच्याला शिव्यासुद्धा नाहीत. चौकात लाल दिव्याला थांबल्यावर एकदम म्हणाला, "हिचं ते मेडिगॅप कर. जी का काय ते. तीन हप्ते तर तीन हप्ते."

मामीचं तसं केलं: मूळ मेडिकेअर, डी, आणि मेडिगॅप जी. जी मध्ये परदेशातल्या आकस्मिक आजाराचं ऐंशी टक्केही मिळतं, पहिले अडीचशे डॉलर आपले, जन्मभरात पन्नास हजारांपर्यंत, पण प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांतच. एरवी मेडिकेअर समुद्र ओलांडत नाही. मामी दर हिवाळ्यात पुण्याला अडीच महिने येते. "म्हणजे कसंतरी व्हायचं ते दोन महिन्यांच्या आत, एवढंच ना?" ती म्हणाली.

मामाची यादी करता करता माझी रजा संपली. डॉक्टरांच्या हॉस्पिटलाशी करार असलेल्या दोन पी. पी. ओ. शोधून, दोन्हींवर लाल खुणा करून मी परत आलो. सहा डिसेंबरला रात्री शाखेतून घरी येऊन जेवायला बसतो तोच फोन वाजला. मेडिगॅपनं नकार कळवला होता, आणि मामानं लाल खुणेपैकी दुसरी योजना घेतली होती. डॉक्टरांकडे, हॉस्पिटलात आणि योजनेत, तिन्हीकडे फोन करून, फोन घेणाऱ्यांची नावं आणि वेळ वहीत लिहून ठेवली होती. आवाज बरा वाटला. डॉक्टर तेच राहणार होते. मी म्हटलं, "छान झालं, मामा."

"हो ना," मामा म्हणाला, आणि आवाज जरा खाली आणून, मामीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं सांगितलं, "आणि बाळू, यातही चष्मा आहे हं."