नानीची चूल

तुमच्या घरी स्वयंपाक कशावर होतो? तुमच्यापैकी बहुतेक जण म्हणतील, "गॅसवर." मग आणखी एक प्रश्न विचारते. तुमच्या नानीच्या किंवा दादीच्या लहानपणी तो कशावर होत असे? हे मात्र तुम्हाला घरी विचारावे लागेल. जरूर विचारा. माझी नानी चुलीच्या गोष्टी सांगू लागली की नकळत पदराने डोळे पुसत असे. समोर चूल नसली तरी!

माझे बालपण मालेगावात गेले. अब्बा यंत्रमागावर कामाला होते. घरी रॉकेलचा स्टोव्ह होता. तुम्ही ज्याला घासलेट म्हणता, तेच हे रॉकेल. मराठीत दोन्ही शब्द चालतात. रॉकेल रेशनच्या दुकानात मिळे. गाडी आल्याची बातमी गल्लीत पसरली, की अम्मी मला कॅन देऊन रांगेत उभी करी. कधी कधी माझा नंबर येण्याआधीच रॉकेल संपून जाई. मग मी रिकामा कॅन हलवत घरी येई आणि अम्मी काही न बोलता भुशाची शेगडी बाहेर काढी. ही शेगडी तुम्ही पाहिली नसेल. पत्र्याच्या डब्यात मधोमध एक बाटली उभी धरायची, भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा आणि बाटली अलगद ओढून घ्यायची. मध्ये राहिलेल्या पोकळीतून जाळ वर येई. भुसा ओला असला, तर जाळाऐवजी नुसता धूर येई आणि आम्ही भावंडे खोकत अंगणात पळत असू.

सुट्टीत आम्ही नानीच्या गावी जात असू. गाव गिरणेच्या काठी होते. नानीच्या घरात मातीची चूल होती आणि तिला लागूनच वैल होता. चुलीवर भाकरी होई आणि तिच्याच आचेवर वैलावर आमटी शिजे. जळण म्हणजे पऱ्हाट्या, गोवऱ्या आणि कधीमधी बाभळीचे लाकूड. कपाशी वेचून झाल्यावर शेतात तिची वाळलेली झाडे उरतात, त्यांना पऱ्हाट्या म्हणतात. नानी आणि मुमानी त्यांचे भारे डोक्यावरून आणत. जळण फुकट मिळते, असे अब्बा म्हणत. नानीच्या मानेला विचारले असते, तर तिने वेगळे सांगितले असते.

त्या स्वयंपाकघराला एकच लहान खिडकी होती. भिंती, छप्पर, उतरंडीची मडकी, सगळे काजळीने काळे झाले होते. नानी फुंकणीने जाळ फुंकी, मग खोके, मग पुन्हा फुंकी. पुढे तिच्या दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू झाला. तपासणाऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आजी, स्वयंपाक चुलीवर करता का?" नानीला नवल वाटले. डोळ्याच्या डॉक्टरला चुलीशी काय करायचे आहे? आज हे शास्त्र सर्वांना माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली.

मी सहावीत असताना नानीच्या गावात बिनधुराची चूल आली. १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचे काम प्रयोग म्हणून हाती घेतले आणि पुढे ते देशभर पसरवले. चूल बांधून घेणाऱ्याला अनुदान मिळे. तालुक्याहून माणसे आली. त्यांनी नानीची जुनी चूल मोडली आणि नवी बांधली. तिला दोन तोंडे होती, म्हणजे दोन भांडी ठेवता येत. मागच्या बाजूने एक नळकांडे छपरातून बाहेर काढले होते.

यातली युक्ती सोपी आहे. तापलेली हवा हलकी होते आणि नळकांड्यातून वर जाते. वर जाताना ती चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत ओढते. भरपूर हवा मिळाली, की जळण नीट जळते. उरलेला धूर छपराबाहेर जातो. उघड्या चुलीवर जळणाची बरीचशी उष्णता इकडेतिकडे वाया जाते. जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो. बांधलेल्या चुलीत तो दुप्पट व्हावा, अशी अपेक्षा होती. म्हणजे भारेही निम्मेच आणावे लागणार! पहिल्या दिवशी नानीने चहा केला आणि चुलीजवळ तशीच बसून राहिली. "धूर कुठे गेला?" असे ती दोनदा म्हणाली. मी बाहेर जाऊन वर पाहिले. छपरावर पांढरी रेघ उठत होती.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही गेलो, तेव्हा नवी चूल जागेवर नव्हती. नानीने ती काढून टाकली होती. अब्बा रागावले. "सरकारने फुकटात दिलेली चीजही तुम्हाला सांभाळता येत नाही!" मलाही तसेच वाटले. खरे कारण मला फार उशिरा कळले.

नव्या चुलीचे तोंड लहान होते. पऱ्हाट्या तोडून तुकडे केल्याशिवाय आत जात नसत. रोज एवढे तुकडे कोण करणार? भाकरी तव्यावरून काढली, की निखाऱ्यांसमोर उभी धरून फुगवावी लागते. या चुलीतून निखारे पुढे ओढायला जागाच नव्हती. पावसाळ्यात नळकांड्यावरची टोपी उडाली आणि पाणी थेट चुलीत उतरले. सगळ्यात वाईट म्हणजे नळकांड्यात काजळी धरली. काजळीने वाट अरुंद झाली, तसा धूर उलटा घरात येऊ लागला. आठवड्या-पंधरवड्याने नळकांडे साफ करायचे असते, हे नानीला कोणी सांगितले नव्हते. चूल बांधून गेलेली माणसे पुन्हा फिरकली नाहीत.

तो कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला. तोपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बांधल्या गेल्या होत्या. त्यांत नानीचीही एक मोजलेली असणार. किती चुली बांधल्या याचा हिशेब होता. किती पेटत होत्या, हे कोण मोजणार? माझ्या मते चुलीची रचना करणाऱ्यांनी एक दिवस नानीच्या शेजारी बसून भाकरी करून पाहायला हवी होती.

आता विजेच्या दिव्यांची गोष्ट सांगते, कारण ती अगदी उलट आहे. २०१५ मध्ये केंद्र सरकारने एलईडी दिवे स्वस्तात देण्याची योजना सुरू केली. तिचे नाव 'उजाला'. विजेचे बिल दाखवून दिवे मिळत. काही ठिकाणी बिलातून हप्त्याने पैसे देण्याची सोयही होती. आमच्या घरी ६० वॉटचे चार दिवे होते. ते रोज पाच तास जळत. गणित तुम्हीच करून पाहा. ६० वॉटचे चार दिवे म्हणजे २४० वॉट. पाच तासांत १,२०० वॉट-तास, म्हणजे १.२ युनिट. महिन्याचे ३६ युनिट! त्यांच्या जागी आम्ही ९ वॉटचे दिवे लावले. महिन्याला साडेपाच युनिटसुद्धा होईनात. देशभरात असे ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. अम्मीला काही नवे शिकावे लागले नाही. जुना दिवा काढला आणि त्याच होल्डरमध्ये नवा बसवला, एवढेच.

चुलीचा प्रश्न इतका सोपा नव्हता. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे 'प्रधानमंत्री उज्ज्वला योजना' सुरू झाली. गरीब घरातील स्त्रीच्या नावावर गॅसची जोडणी द्यायची आणि त्यासाठी सरकारने १,६०० रुपये भरायचे, अशी ही योजना. 'स्त्रीच्या नावावर' हे शब्द मला फार आवडले. आमच्या मुमानीच्या नावावर तोपर्यंत घरातले काहीच नव्हते. आठ कोटी जोडण्यांचे उद्दिष्ट ठरले होते. आठ कोटींवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्या महाराष्ट्रातच, तेव्हाच्या औरंगाबादेत देण्यात आली.

मुमानीची जोडणी २०१७ मधली. नानी त्यापूर्वीच वारली होती. शेगडी आणि पहिले सिलिंडर कर्जाऊ मिळाले. पुढच्या सिलिंडरांच्या अनुदानातून ते कर्ज वळते होई. म्हणजे दुकानात पूर्ण किंमत मोजायची आणि अनुदानही हाती यायचे नाही. शेतमजुरी करणाऱ्या घरात एवढे पैसे एकरकमी कुठून आणायचे? पऱ्हाट्यांना तर पैसे पडत नव्हते. म्हणून मुमानीने आपला नियम केला. पाहुण्यांचा चहा गॅसवर, आजारी माणसाची पेज गॅसवर आणि रमजानमध्ये सहरी गॅसवर. "अंधारात चूल पेटवायची, तर दोन वाजताच उठावे लागे," ती मला म्हणाली. "आता मुलांना उठवते आणि मगच शेगडी लावते." बाकी सारा स्वयंपाक चुलीवरच होई. एक सिलिंडर चार-चार महिने पुरे.

पुढे २०२० साल आले. टाळेबंदीत उज्ज्वलाच्या ग्राहकांना तीन सिलिंडर मोफत देण्याचे ठरले. मुमानीच्या खात्यात पैसे आगाऊ जमा झाले. त्या काळात तिच्या घरी दोन्ही वेळचा स्वयंपाक गॅसवर झाला. फोनवर बोलताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मुमानी सलग बोलत होती. एरवी दर दोन वाक्यांना तिला खोकला येत असे.

मग ते दिवस संपले. २०२२ मध्ये सिलिंडरची किंमत हजार रुपयांच्या वर गेली. उज्ज्वलाच्या ग्राहकांना त्या वर्षी दोनशे आणि पुढच्या वर्षी तीनशे रुपयांची सूट मिळाली, तरी उरलेली रक्कम लहान नव्हती. मी गेले तेव्हा सिलिंडरवर घडी घातलेली गोधडी होती आणि तिच्यावर नातू बसून अभ्यास करत होता. मुमानी चुलीपुढे बसून खोकत होती.

ब्रिटनमध्ये थंडी फार. तिथे घर ऊबदार ठेवायला पैसे न पुरणाऱ्या कुटुंबांसाठी 'इंधन-गरिबी' असा शब्द वापरतात आणि सन २००० मध्ये त्यासाठी कायदाही झाला. मला तो शब्द वाचताना मुमानीचे ते सिलिंडर आठवले. तिची गरिबी घरात शेगडी नसण्याची नव्हती. शेगडी होती.

तिची सून शकीला दहावीपर्यंत शिकलेली आहे. ती हिशेबी आहे. डाळ रात्री भिजत घालते, कुकरमध्ये शिजवते, पातेल्यावर झाकण ठेवल्याशिवाय पाणी तापवत नाही. पाणी उकळले, की आच मंद करते. जोरात उकळणारे पाणी हळू उकळणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त तापत नाही, हे तिने शाळेत शिकलेले आहे आणि सासूलाही पटवले आहे. चार महिने पुरणारे सिलिंडर आता दोन महिने पुरते, पण त्यात सकाळचा सगळा स्वयंपाक होतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने वर्षाला तीन सिलिंडर मोफत देणारी 'अन्नपूर्णा' योजना जाहीर केली, तेव्हा कागदपत्रे घेऊन तीच पहिली रांगेत उभी राहिली.

मागच्या ईदला मी गावी गेले होते. स्वयंपाकघराच्या भिंतीला चुना दिला होता. शेगडीच्या वर शकीलाने पेन्सिलीने तारखा लिहिल्या होत्या. प्रत्येक तारीख एका नव्या सिलिंडरची. पहिल्या तारखांमध्ये चार-पाच महिन्यांचे अंतर होते, मग तीन, मग दोन. शेवटच्या तारखेखाली तिने बरीच जागा मोकळी ठेवली होती. चूल मात्र अजून कोपऱ्यात होती. मुमानी म्हणाली, "भाकरी तिच्यावरच बरी होते." मी खाऊन पाहिली. खरेच बरी होते.