तीन नळ्यांचे एक चित्र

वस्तू जुनी होणे आणि वस्तू निकामी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वीच्या गृहस्थाश्रमात हा फरक शिकवावा लागत नसे. पितळी भांड्याला कल्हई, छत्रीला नवी काडी, चपलेला नवा अंगठा हे घरातले नित्याचे व्यवहार होते. विजेवर चालणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत मात्र हा विवेक आपल्या हातून निसटला. वस्तूच्या पोटात काय आहे हे ठाऊक नसले की ती बंद पडताच ‘गेली’ असे म्हणून आपण मोकळे होतो. आमच्या घरातील एका अवजड दूरदर्शन संचामुळे या प्रश्नाचा थोडा खोलात जाऊन विचार करणे आम्हांस भाग पडले, त्याचीच ही हकिकत.

आमचे घराणे धारचे. पवारांच्या काळी माळव्यात आलेल्या अनेक कुटुंबांप्रमाणे आमच्याही कित्येक पिढ्या संस्थानच्या कारकुनीत गेल्या. ऐंशीच्या दशकात पीथमपूरला कारखाने उभे राहिले. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक होंडा स्कूटर आणि बजाज टेम्पोची वाहने तेथे तयार होऊ लागली. आयशरचे ट्रक रस्त्यावर आले. तेव्हा धार, देवास आणि इंदूरची कितीतरी मराठी मुले लेखणी ठेवून पाना हाती घेती झाली. आम्ही दोघे भाऊ त्यांतलेच. यंत्रांच्या देखभालीत आमची नोकरी गेली आणि निवृत्तीनंतरही आम्ही आईसह पीथमपुरातच राहिलो.

२००३ च्या विश्वचषकाच्या आधी आम्ही हा संच घेतला. तो मागून चित्र टाकणारा, म्हणजे रिअर प्रोजेक्शन जातीचा. उंचीला कपाटाएवढा आणि वजनाने शंभर किलोच्या घरातला. जोहान्सबर्गच्या त्या अंतिम सामन्यात भारत हरला, पण त्या दिवशी आमच्या बैठकीच्या खोलीत निम्मी वसाहत मावली होती. पुढे मराठी वाहिन्या आल्या आणि संच हळूहळू आईचा झाला. माळव्यात जन्म काढलेल्या आमच्या आईला घराबाहेर दिवसभर हिंदी आणि माळवीच ऐकू येई. संध्याकाळची दोन तास कानांवर पडणारी मराठी तिला माहेरासारखी वाटे. या संचाचे चित्र समोर बसून पाहिले तर उजळ दिसते, उभे राहिले किंवा जमिनीवर बसले तर मंद होते. म्हणून पडद्याच्या मध्याशी डोळे येतील अशा उंचीची एक वेताची खुर्ची तिच्यासाठी कायमची ठरून गेली.

२०२४ च्या डिसेंबरात चित्र फाटले. फाटले म्हणजे प्रत्येक माणसाभोवती तांबडी आणि निळी अशा दोन छाया उमटू लागल्या, आणि पडद्याच्या कडांकडे त्या धनुष्यासारख्या वाकत गेल्या. अक्षरे वाचता येईनात. आई म्हणाली, “अरे, मला मोतीबिंदू झाला की याला?” तिचे डोळे तपासून झाले, ते ठीक होते. बोलावलेल्या कारागिराने मागचे झाकणही न काढता निर्णय दिला, “बाबूजी, इसमें अब जान नहीं है.” पुण्याहून मुलाचा फोन आला. “बाबा, कशाला जीव काढता? काका, तुम्ही तरी सांगा यांना. भिंतीवरचा नवा पाठवून देतो.” कबाडी येऊन संचाभोवती एक फेरी मारून गेला. लाकूड आणि तांबे तेवढे घेईन, काचेचे तुम्ही बघा, असे त्याचे म्हणणे.

‘काचेचे तुम्ही बघा’ हे शब्द एरवी कदाचित कानांआड झाले असते. परंतु नेमक्या त्याच सुमारास आमच्या गावावर एक मोठा प्रश्न येऊन उभा राहिला. १ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातून बारा कंटेनर निघाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीथमपूरला पोहोचले. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर चाळीस वर्षे पडून असलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा त्यांत होता आणि तो तारपुरा गावाजवळच्या भट्टीत जाळावयाचा होता. ३ जानेवारीस गावात बंद पाळला गेला, जमाव रस्त्यावर उतरला, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. भीती खरी किती आणि अफवा किती याचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. न्यायालयाच्या आदेशाने, चाचण्या घेऊन, जूनअखेर तो कचरा जाळून झाला. राख उरली आणि तिच्या ठेवणुकीचा वाद पुढेही चालत राहिला. पण त्या थंडीत आम्हांस एक गोष्ट प्रथमच डोळ्यांपुढे दिसली. ‘टाकून द्या’ या शब्दांना नेहमी कुठल्यातरी गावाचा पत्ता असतो. कुणीतरी टाकलेले कुणाच्यातरी वेशीत येऊन पडते, आणि या वेळी ती वेस आमची होती.

चित्रनळीच्या काचेत शिसे असते. फोडलेली काच उकिरड्यावर पडली की ते माती-पाण्यात उतरण्याची वाट मोकळी होते. अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच जाव्यात असे नियम आपल्याकडे १ मे २०१२ पासून आहेत. १ एप्रिल २०२३ पासून ते नव्या स्वरूपात लागू झाले. तेव्हा संच द्यायचा तर नीट ठिकाणी द्यायचा, आणि त्याआधी तो खरोखरच मेला आहे का ते पाहायचे, असे आम्ही ठरवले.

या संचाची रचना मोठी मनोहर आहे. तळाशी तीन छोट्या चित्रनळ्या ओळीने बसवलेल्या असतात. मधली हिरवी, दोहों बाजूंस तांबडी आणि निळी. प्रत्येक नळी आपल्या एका रंगातच पूर्ण चित्र काढते. भिंगांतून ती तीन चित्रे मागच्या आरशावर आणि तेथून पडद्याच्या पाठीवर पडतात. तांबडी आणि निळी बाजूने तिरकी पाहत असल्यामुळे त्यांची चित्रे मुळातच वाकडी पडायची. ती सरळ करून हिरव्यावर नेमकी बसवण्यासाठी प्रत्येक नळीच्या मानेवर तारेची आणखी वेटोळी असतात आणि त्यांना प्रवाह पुरवणाऱ्या एक-दोन जाड चकत्या, म्हणजे आयसी, बोर्डावर असतात. तंत्रज्ञ या मेळाला कन्व्हर्जन्स म्हणतात. आपल्याला दिसणारे एक चित्र हा असा क्षणोक्षणी राखलेला मेळ असतो.

हे समजले की दोषांची वाटणी आपोआप होते. चित्र एकसारखे धुरकट झाले असेल तर आरशावर आणि भिंगांवर धूळ आहे, किंवा नळी व भिंग यांमधले थंडावा राखणारे द्रव गढूळ झाले आहे. एकच रंग नाहीसा झाला असेल तर त्या नळीकडे पाहावे. तिन्ही रंग शाबूत आहेत पण एकमेकांवर बसत नाहीत, तर नळ्या निरोगी आहेत आणि विकार मेळ राखणाऱ्या बोर्डात आहे. आमचा रोग हा तिसरा. कारागिराने ज्याला निष्प्राण म्हटले त्याचे तिन्ही प्राण जागेवर होते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. या नळ्यांवर तीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि खटका बंद केल्यावरही काही विद्युत्भार आत दबा धरून राहू शकतो. आम्ही जन्मभर विजेच्या यंत्रांत वावरलो, तरीही नळ्यांचे काम जाणणाऱ्या आमच्या एका जुन्या सहकाऱ्याला बोलावून त्याच्या देखरेखीखालीच झाकण काढले. हौसेने करावयाचे हे काम नव्हे.

आत बावीस वर्षांची धूळ होती. आरशाचा मुलामा काचेच्या मागे नसून पुढच्या पृष्ठावर असतो, म्हणून तो मऊ ब्रशने आणि हलक्या हाताने झटकला. नेहमीचे काच पुसण्याचे औषध त्याला लावू नये. बोर्डावरील दोन्ही आयसींपैकी एक जळाली होती. तिच्या शेजारचे दोन लहान रोधक मीटरवर उघडे दाखवत होते आणि तापून-निवून काही ठिकाणी डाख तडकला होता. नवी आयसी मिळवणे हाच खरा वनवास. अशा संचांचे उत्पादन सगळ्या मोठ्या कंपन्यांनी केव्हाच थांबवले; शेवटची मित्सुबिशी, तीही २०१२ च्या अखेरीस. बाजारात आता नकली आयसींचा सुळसुळाट आहे. इंदुरात घेतलेली पहिली जोडी अर्ध्या तासात गेली. दुसरी जोडी एका जुन्या मोडीत निघालेल्या संचातून काढलेली होती, ती टिकली. दोन्ही एकदमच बदलल्या, पाठीला उष्णता वाहून नेणारा लेप लावला, रोधक बदलले, डाख नव्याने दिला.

मग जुळवणी. संच आधी अर्धा तास तापू द्यायचा, कारण थंड असताना केलेला मेळ तापल्यावर सरकतो. पडद्यावर चौकटींची जाळी आणायची. प्रथम हिरवी जाळी एकटी सरळ करायची, मग तांबडी तिच्यावर, शेवटी निळी तिच्यावर. मध्यापासून कडांकडे जायचे. एक कोपरा साधला की दुसरा किंचित हलतो. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. थोरल्याचे डोळे जवळचे बरे, धाकट्याचे लांबचे. एक बटणे दाबी, दुसरा खोलीच्या टोकाहून सांगे. तिसऱ्या दिवशी तीन रेघांची एक पांढरी रेघ झाली.

काही गोष्टी परत आल्या नाहीत. नळ्यांचा लेप झिजला आहे, त्यामुळे पूर्वीचा उजाळा नाही. वर्षानुवर्षे एकाच जागी राहिलेल्या वाहिनीच्या चिन्हाची फिकट छाया कोपऱ्यात कायमची उमटली आहे. तिच्यावर उपाय नाही, आणि आम्ही तो शोधतही बसलो नाही. धूळ काढता येते, बिघडलेला मेळ पुन्हा बसवता येतो, झीज मात्र मान्य करावी लागते. या तिहींतील भेद ओळखता आला तर निम्मी दुरुस्ती तेथेच होते.

हा संच आणखी दोन वर्षे चालेल की पाच, कुणी सांगावे. एक दिवस त्याच्या नळ्या खरोखरच थकतील. त्या वेळी तो ज्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावयाचा त्याचा पत्ता आम्ही आताच मागच्या झाकणावर खडूने लिहून ठेवला आहे. तोवर रोज संध्याकाळी आई वेताच्या खुर्चीत बसून आपली मालिका पाहते, आणि मध्येच आम्हांला हाक मारून विचारते, “बरोबर दिसतंय ना रे तुम्हाला?”