पात्र म्हणजे काय रे भाऊ?

परवा शनिवारी मस्त ताणून द्यायचा बेत होता. तेवढ्यात समोरच्या खोलीतली काकी दारात हजर. हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत काकांचा लाल पास, ईएसआयसीचं कार्ड आणि एक प्रिंटआऊट.

"बाबू, ह्यात पात्र लिवलंय. म्हंजे घर लागलं ना?"

आयला! आता काय सांगू?

काका लालबागच्या एका गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीचेक लाख कामगार बाहेर पडले, पुढचं तुम्हाला माहीत आहेच. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आले (त्यातल्याच एकात आमचं ऑफिस आहे, हे काकीला सांगायला मला अजूनही कसंतरी होतं). 1991 च्या नियमात जमिनीचे तीन वाटे होते: एक महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला, फक्त मोकळ्या जागेचेच वाटे करायचे ठरलं. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. वाटा आटला, घरंही आटली.

1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर जो कामावर होता, तो किंवा त्याचा वारस घरासाठी अर्ज करू शकतो. काकीने केला. पण गिरणीतल्या कुठल्याशा कारकुनाने काकांचं नुसतं नाव आणि बापाचं नाव लिहिलं होतं, आडनाव गायब. रेशनकार्डावर आडनाव आहे. दोन्ही माणसं एकच, हे पटवायला ॲफिडेव्हिट, झेरॉक्स वगैरे करण्यात माझे तीन शनिवार गेले. मग 'पात्र'.

आता गंमत बघा. अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास. 2012, 2016 (दोनदा) आणि 2020 अशा चार सोडतींत मिळून घरं 15,870. म्हणजे अकरा अर्जांमागे एक घर. पात्र म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी, बस्स. आमच्या भाषेत लॉगिन झालं, ऑर्डर नाही :)

उरलेल्यांसाठी मार्च 2024 च्या शासन निर्णयात शेलू आणि वांगणी आलं. कर्जत लाइनवर, बदलापूरच्याही पुढे. नकार दिला तर घरावरचा हक्कच जाईल, असं एक कलम त्यात होतं. जुलै 2025 मध्ये आझाद मैदानावर आंदोलन झालं, त्यानंतर ते कलम रद्द करायचं सरकारने जाहीर केलं. पण काकीच्या डोक्यात अजून तेच बसलंय. नाही म्हटलं तर नाव कापणार!

आणि घर फुकट नाही. सरकारचं अनुदान वजा जाऊन कामगाराचा हिस्सा साडेनऊ लाख.

काकी जगते श्रावणबाळ योजनेवर. महिन्याला दीड हजार. ते मिळतात कारण तिचं उत्पन्न वर्षाला 21 हजारांच्या आत आहे. म्हणजे एका योजनेत काकी पात्र, कारण तिच्याकडे पैसे नाहीत. दुसऱ्या योजनेतही पात्र, पण तिथे साडेनऊ लाख लागणार. शब्द एकच! सत्तरी ओलांडलेल्या, पगार नसलेल्या, मूलबाळ नसलेल्या बाईला कुठली बँक कर्ज देणार? राहती खोली दिराच्या नावावर, आणि चाळ रिडेव्हलपमेंटला जायची बोलणी चालू आहेत.

हे सगळं मी तिला सांगितलं. जमेल तितक्या सोप्या शब्दांत. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "म्हंजे घर लागलं पण नाय, आणि गेलं पण नाय."

इतकं नेमकं मला अर्ध्या तासात सांगता आलं नव्हतं.

"मग शेलूला हो म्हणू की नको?"

"तू घाई करू नको काकी. कुठे अंगठा नको, सही नको. कोणी एजंट आला तर आधी मला हाक मार."

"आणि मी मेले तर?"

मी काही बोललो नाही. तिने कागदाच्या चार घड्या घातल्या, पिशवीत ठेवला आणि चहा टाकायला गेली. "दूध नाय हां, कोरा पी," आतून आवाज.

पुढच्या शनिवारी पुन्हा काकीबरोबर जायचंय. श्रावणबाळसाठी हयातीचा दाखला द्यायचा आहे. म्हणजे ती जिवंत आहे, हे सिद्ध करायचं.

असो. भेटू पुढच्या वीकेंडला.