एक मिलिमीटरची जागा

आमच्या घरात तिचा डबा वेगळा आहे. घट्ट झाकणाचा, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या, वर मलमलचा तुकडा आणि त्यावर ती. अंगठा आणि तर्जनी जुळवून जे कडं होतं, त्यात सहज बसेल एवढीशी. पुढच्या कडेवर बारीक अक्षरांत कोरलंय: लाइट्झ एलमार, 5 सेंटीमीटर. आजकालच्या लेन्सवर 50 मिलिमीटर लिहितात. ही सेंटीमीटरमध्ये बोलणाऱ्या घरातली. अ‍ॅपर्चरचे आकडेही तिचे जुन्या मोजणीचे, 3.5, 4.5, 6.3, 9, 12.5, 18. माझ्या आजीने शेवटपर्यंत दूध शेरात आणि सोनं तोळ्यात मोजलं, आणि तिचा हिशेब कधी चुकला नाही. एलमारचाही चुकत नाही.

नंबरावरून तिचं जन्मसाल 1937 निघतं. गाव जर्मनीतलं वेट्झलर. तिथल्या लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बारनाक यांनी सिनेमाच्या फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा घडवला आणि 1925 मध्ये तो लायका नावाने लाइपझिगच्या जत्रेत मांडला गेला. त्या कॅमेऱ्याला दृष्टी दिली माक्स बेरेक यांनी. आधीच्या लेन्सचं नाव होतं एलमाक्स: एर्न्स्ट लाइट्झची आद्याक्षरं आणि बेरेकचं 'माक्स' गुंफून केलेलं. तिच्यात पाच भिंगं होती. बेरेकनी त्यातलं एक कमी केलं आणि एलमार जन्मली. तीन गटांत चार भिंगं, बस्स. एवढ्या मोजक्या सामानावर तिने पुढची कितीतरी दशकं संसार केला.

तिच्याशी वागायची एक रीत आहे. नळी बाहेर ओढायची आणि किंचित फिरवून पक्की करायची. फिरवायला विसरलं तर फोटो भुरकट येतो. मग उजेड बघून अ‍ॅपर्चर लावायचं. त्याची खिटी अगदी चेहऱ्यावर, इतकी बारीक की नखानेच सरकते. फोकस करताना सगळा चेहरा वळतो आणि आकडे नजरेआड जातात. म्हणून उजेडाचं आधी ठरवायचं, अंतराचं नंतर. तिला एक मीटरपेक्षा जवळ गेलेलं चालत नाही. हा क्रम सुरुवातीला मला जाचायचा. आता वाटतं, कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी उजेड कुठून येतोय हे बघायची सवय मला तिनेच लावली.

मी तिला 2017 मधल्या डिजिटल रेंजफाइंडर लायकावर लावतो. दोघांमध्ये ऐंशी वर्षांचं अंतर. तरी त्यांचं जमतं, याचं कारण मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत सुंदर कारण वाटतं. जुन्या लायकावर लेन्स आट्यांनी घट्ट बसवायची. 1954 मध्ये लायका एम-3 आला तेव्हा आटे गेले आणि झटक्यात बसणारा नवा खटका आला. पण तो आखताना कारखान्याने मागच्या लेन्सना वाऱ्यावर सोडलं नाही. आट्यांच्या लेन्सला फिल्मपासून 28.8 मिलिमीटर अंतर लागायचं. नव्या कॅमेऱ्याचं अंतर त्यांनी 27.8 ठेवलं. उरला बरोबर एक मिलिमीटर. तेवढ्या जाडीची धातूची रिंग लावली की जुनी लेन्स नव्या घरात आपल्या ठरल्या जागी बसते. शेवटी 2009 च्या डिजिटल एम-9 मध्ये जुन्या फिल्मच्याच मापाचा, 24 बाय 36 मिलिमीटरचा सेन्सर आला आणि एलमारला तिचं पूर्ण अंगण परत मिळालं.

कॅमेऱ्याच्या आत एक चिमुकलं चाक असतं. ते लेन्सच्या मागच्या कडेला टेकतं. मी फोकसची खिटी हलवतो, कड पुढेमागे होते, चाक ते जाणतं आणि व्ह्यूफाइंडरमध्ये दोन प्रतिमा सरकत सरकत एक होतात. 1932 च्या लायका-2 मध्ये ठरलेली ही बोली नव्या यंत्राला अजून समजते. तिचं नाव मात्र ते ओळखत नाही. नव्या लेन्सच्या खटक्यावर सहा ठिपक्यांची खूण असते, हिच्यावर नाही. म्हणून कुठला फोटो तिचा आणि अ‍ॅपर्चर काय होतं, हे मी वहीत लिहून ठेवतो.

तिचा खरा स्वभाव मला वाईत कळला. भर दुपारी मामी पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती आणि मागे अंगणात ऊन नुसतं पेटलं होतं. मी आधी नव्या लेन्सने फोटो काढला. टरफलांची जाळी, लुगड्याचा काठ, सगळं कोरल्यासारखं आलं. मामीचा चेहरा मात्र अंधारात बुडाला. मग एलमार लावली. अंगणातल्या उजेडाचा पातळ पदर पडवीत आला, सावल्या उघडल्या आणि मामीच्या कपाळावरच्या रेषा मऊ होऊन दिसू लागल्या. यामागे साधं शास्त्र आहे. तिच्या भिंगांना हवेशी भिडणारे सहा पृष्ठभाग आहेत आणि त्यांवर आजच्यासारखं कोटिंग नाही; लाइट्झने ते दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू केलं. प्रत्येक पृष्ठभाग चार-पाच टक्के उजेड परतवतो. त्यातला काही आतल्या आत घुमतो आणि काळोख्या कोपऱ्यांत झिरपतो. पुस्तकात याला दोष म्हणतात. मामीने स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाली, "अरे, ही तर सकाळची वेळ वाटते."

पण तिचा हा गुण हवा तेव्हा हवा तसा मिळत नाही. सूर्य थेट समोर आला की सगळं चित्र दुधासारखं होतं. फिल्मच्या काळात हे कळायला रोल संपून धुऊन यायची वाट बघावी लागायची. स्क्रीनवर लगेच कळतं. मग मी दोन पावलं बाजूला सरकतो, तळव्याची सावली तिच्या कपाळावर धरतो. आठ दिवसांत तिला काय रुचतं ते उमगलं.

एकदा माझ्याकडून तिची हेळसांड झाली. ऐन पावसाळ्यात मी तिला तिच्या चामडी पेटीतच ठेवलं. चामडं ओल धरतं. गणपतीत काढून उजेडासमोर धरली तर आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. मुंबईच्या एका जुन्या कारागिराने ती उघडली, पुसली आणि माझ्या हातात देत एवढंच म्हणाला, "अजून महिनाभर थांबला असतात तर काच खाल्ली असती." डबा आला तो त्यानंतर. नळी लांब केलेलीच राहील एवढा उंच बघून आणला, कारण डिजिटल कॅमेऱ्यावर ती आत ढकलायची नाही असं माहितीपुस्तिका बजावते, आणि मला ती सवयच लागू द्यायची नाही.

संध्याकाळी तिला उतरवताना फोकसची खिटी शेवटपर्यंत नेतो. अनंताच्या खुणेवर बारीकसा 'टक्' आवाज होतो आणि ती अडकते. मग मलमलवर ठेवतो. ती एक मिलिमीटरची रिंग मात्र तिच्या अंगावरून मी कधीच काढत नाही.