साक्ष

आमच्या मंडळीत उपासनेनंतर साक्ष द्यायची पद्धत आहे. देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. नाताळच्या आधीच्या रविवारी मीही उभी राहिले. माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा, जोडाक्षर दिसलं की पुस्तक मिटणारा, आता गोष्ट वाचू लागलाय, असं सांगितलं. सगळे आमेन म्हणाले. एका मावशींनी माझे हात हातात घेतले.

तो मुलगा गोष्ट वाचत नव्हता. साध्या परिच्छेदातही अडखळायचा. वाचनस्तराच्या तक्त्यात मीच त्याला 'गोष्ट' या रकान्यात टाकलं होतं, कारण माझा वर्ग मागे दिसायला नको होता. तक्त्यातलं खोटं आठवड्याभरात चर्चपर्यंत पोहोचलं! कल्याणहून बदलापूरपर्यंत लोकलमध्ये आणि पुढे चामटोलीपर्यंत रिक्षात मी ते वाक्य मनातल्या मनात दुरुस्त करत होते. 'वाचू लागलाय' म्हणजे 'लवकरच वाचेल', असं काहीतरी.

त्या दिवसांत लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला घेतली होती. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या. परत नांदायला आल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात यांचं पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा! पुढे त्यांनी टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुरं केलं. एवढं काम हातून झालेल्या बाईला जुनी फजिती झाकता आली असती. त्यांनी ती हसत हसत सांगितली. आमच्याकडच्या बऱ्याच साक्षींत माणूस आधी वाईट असतो आणि मग एकदम चांगला होतो. लक्ष्मीबाईंकडे असं एकदम काही होत नाही, म्हणून मला त्यांचं सगळं खरं वाटतं.

नाताळच्या सुट्टीनंतर मी तक्ता घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. "बाई, माहिती वर गेलीये. आता कशाला उकरता?" ते म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं, उत्तरं त्यांनाच द्यावी लागणार होती. तरी दुरुस्ती पाठवली.

मुलाच्या आईला मात्र शाळेत बोलावून घेतलं. मला वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "बाई, घरी त्याला वाचता येत नव्हतं ते मला दिसत होतं. पण तुम्ही म्हणालात येतं, म्हणून मला वाटलं मुद्दाम करतो. मी मारलं त्याला दोनदा."

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. अजूनही सुचत नाही.

आता मधल्या सुट्टीत आम्ही दोघं वीस मिनिटं वाचतो. 'गोष्ट' या शब्दातल्या 'ष्ट'लाच तो थांबतो, माझ्याकडे बघतो. मी आधी पटकन सांगून टाकायचे, आता थांबते.

मावशी दर रविवारी विचारतात, "तुझा तो मुलगा कसा वाचतो गं?" परवा त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग प्रार्थनेसाठी त्याचं नाव विचारलं.

मंडळीसमोर उभं राहून सांगायचं अजून राहिलंय.